माझी बॅग माझ्या पाठीवर

आमच्या घरातून कुठंही सहल निघाली की सामान राखायचं काम माझं. तसं कुणी ठरवून दिलं नव्हतं, पण ते माझंच होतं. गडाच्या पायथ्याशी, डोंगरावरच्या देवीच्या पायऱ्यांखाली, घारापुरीच्या धक्क्यावर सगळे वर जायचे आणि मी चपला, पाण्याच्या बाटल्या, वहिनीची पर्स आणि भाच्यांचे स्वेटर सांभाळत बसायचे. अगदी तान्ही असताना मला पोलिओ झाला. डावा पाय बारीक राहिला आणि उजव्यापेक्षा आखूडही, म्हणून चालताना हातात काठी लागते. "तू बस गं, आम्ही पटकन जाऊन येतो," असं प्रत्येक जण म्हणायचा, आणि पटकन कधीच कुणी आलं नाही. त्यात दुष्टपणा नव्हता. येताना माझ्यासाठी हमखास काहीतरी घेऊन यायचे. प्रसाद, करवंदं, वरून काढलेले फोटो. मी फोटो बघायचे आणि म्हणायचे, "मस्त आहे."

मी लालबागची. वडील गिरणीत होते. ज्या चाळीत आम्ही वाढलो ती पडली, तिच्या जागी टॉवर उभा राहिला आणि आता त्यातल्या एका वरच्या मजल्यावर आई आणि मी राहतो. दादा-वहिनी परळला. मी फोर्टमध्ये एका विमा कंपनीत नोकरी करते. लग्न केलं नाही, त्याचं मला दुःख नाही आणि इथं तो विषयही नाही.

विषय सुरू झाला तो ऑफिसातल्या एका मुलीच्या फोनवरून. माझ्या शेजारच्या टेबलावर बसते, वयानं माझी मुलगी शोभेल. दसऱ्याच्या सुट्टीनंतर कामावर आली ती नाक सोललेलं, उन्हानं रापलेली. फोनवर फोटो दाखवायला लागली. सुरूचं बन, त्यात तीन-चार छोटे तंबू, झाडांच्या पलीकडे समुद्र. माणूस जवळजवळ नाहीच.

"कुठं आहे हे?" मी विचारलं.

तिनं रायगडातल्या एका गावाचं नाव सांगितलं. ते मी इथं लिहीत नाही, कारण तिथली शांतता टिकावी असं मला वाटतं. "पण ताई, गाडी नाही जात तिथं. गावातून डोंगर ओलांडायचा आणि पलीकडे उतरायचं. तंबू, खाणं, सगळं पाठीवर. तुमच्यासाठी मी दुसरा एक रिसॉर्ट बघते ना, थेट दारापर्यंत टॅक्सी जाते."

"डोंगर किती आहे?"

"असा फार नाही. आम्हाला दोनेक तास लागले."

संध्याकाळी घरी जाताना बसमध्ये माझ्या डोक्यात एकच हिशोब होता. तिला दोन तास, तर मला चार. चार तासांत दिवस काही बुडत नाही.

परळच्या ज्या हॉस्पिटलात मी वर्षानुवर्षं पायासाठी जाते, तिथल्या डॉक्टरीणबाईंना विचारलं. त्यांनी पाय वाकवून, दाबून पाहिला. मग विचारलं, "पडलीस तर आपलं आपण उठता येतं का?"

"येतं."

"पाठीवर बॅग असताना?"

"माहीत नाही."

"ते शिक. मग जा."

मला वाटलं होतं त्या नाहीच म्हणतील.

मग तयारी. डाव्या पायाच्या बुटाला जाड तळवा लावून देणारे एक काका हॉस्पिटलच्या मागच्या गल्लीत बसतात. त्यांच्याकडून नवा बूट करून घेतला, घोट्यापर्यंत येणारा, तळव्याला खोल खाचा पाडलेला. त्या मुलीनं तिचा तंबू दिला. तंबू लावायचा सराव मी आमच्या गच्चीवर केला, डिशच्या छत्र्या आणि वाळत घातलेल्या चादरींच्या मधे. पहिल्या दिवशी तो अंगावर पडला. आठवड्याभरात मी बोलता बोलता उभा करायला लागले.

बॅगेत आधी दोन किलो तांदूळ, मग पाच, मग वर तूरडाळ असं भरत गेले आणि सकाळी जिने चढायला लागले. खालचा वॉचमन रोज काळजीनं विचारायचा, "लिफ्ट बंद है क्या, मॅडम?" रविवारी लालबागहून शिवडीला चालत जायचे. गोडाऊनांच्या भिंतीकडेनं, ट्रकच्या रांगांमधून, थेट खाडीपर्यंत. थंडी पडली तशी चिखलात फ्लेमिंगो उतरायला लागले. तिथल्या कठड्याला टेकून मी पाणी प्यायचे आणि परत फिरायचे. खालच्या मजल्यावरची मालवणी काकू मला एकदा दारातच भेटली.

"खंय चल्लंस गो, गावाक?"

"नाय ओ, शिवडीक."

"शिवडीक जावक इतक्या सामान कित्याक?"

मी सांगितलं तेव्हा ती हसली नाही. आईकडे मात्र गेली, आणि आई जी गप्प होती ती बोलायला लागली. आईनं माझ्यासाठी फार केलंय. मालिश, इंजेक्शनं, नवस, सगळं. तिला माझा पाय म्हणजे काचेचं भांडं वाटतो. "हाडां मोडून घेतलंस तर?" एवढंच ती पुन्हा पुन्हा विचारायची.

आणि मी पडलेच. शिवडीच्या रस्त्यावर, भर सकाळी, एका ट्रकच्या कडेला. काठी घसरली, बॅगेच्या वजनानं मी बाजूला कलंडले. चहाच्या टपरीवरचे चार-पाच जण धावले. "उठाव, उठाव मॅडम को!" मी हात वर करून त्यांना थांबवलं. आधी बॅगेचे पट्टे सोडवले. मग कुशीवर वळले, उजवा गुडघा टेकला, काठी रोवली आणि उठले. बॅग पुन्हा चढवली. कोपर खरचटलं होतं, त्यातून रक्त येत होतं, आणि मी इतकी खूश होते की टपरीवाल्याला वाटलं डोक्याला मार लागला. त्यानं जबरदस्तीनं चहा पाजला.

घरी आल्यावर आईला कोपर दाखवलं. "पडले होते. उठले." ती हळद आणायला आत गेली. त्यानंतर हाडांचा प्रश्न तिनं विचारला नाही.

दादा राहिला. तो मंडपाचं काम करतो. लग्न, बारसं, गणपती, सगळीकडे त्याचे बांबू आणि झालरी. आवाज मोठा, पोट मोठं, मन त्याहून मोठं. एका रविवारी जेवायला आला आणि ताटावर बसूनच सुरू झाला.

"डोकं फिरलंय काय तुझं, बाय? जंगलात जाऊन झोपायचं? एकटीनं?"

"जंगल नाही. कॅम्पची जागा आहे. एक नवरा-बायको बघतात ती."

"मी येतो. फायनल."

"ये. पण माझी बॅग माझ्या पाठीवर राहील. तू हात लावायचा नाहीस."

"बरं," तो म्हणाला. वहिनीला तो जसं बरं म्हणतो, तसंच.

दादासाठी ऑफिसातल्या त्या मुलीनं तिच्या भावाचा तंबू मागून आणला, आणि जानेवारीतल्या एका शुक्रवारी आम्ही निघालो. भाऊच्या धक्क्यावरून रेवसची लाँच, पुढं टमटम, मग एसटी, मग आणखी एक टमटम. दादाची बॅग बघून मला हसू आवरेना. वहिनीनं त्यात तांदूळ, सुके बोंबील, सोलं, लोणचं, स्टीलचे डबे, जाड चादर आणि अख्खा नारळ भरला होता.

"कोकणात नारळ नेतोस?"

"तिला कोण सांगणार? तू सांग."

गावात रस्ता संपतो तिथं एक दुकान आहे. तिथं पाणी भरून घेत होतो, तर दुकानातल्या बाईंनी माझ्या पायाकडे पाहिलं, मग डोंगराकडे, आणि मायेनं म्हणाल्या, "ताई, तुम्ही बसा हितं सावलीत. दादा जाऊन येतील."

दादानं तोंड उघडलं. त्याचं पुढचं वाक्य मला पाठ होतं. त्याच्या आधी मीच बोलले, "मावशी, जाणार मी आहे. हे माझ्या सोबतीला आलेत."

बाईंनी पदर तोंडाला लावला आणि हसल्या. "मग हळू जा. वरच्या दगडांवर माती भुसभुशीत आहे."

वाट सुरुवातीला सोपी होती, काजूच्या झाडांतून जाणारी. मग चढ लागला. तांबडी माती, तिच्यात रुतलेले दगड, दोन्हीकडे करवंदीच्या जाळ्या. माझी चढायची रीत अशी: आधी काठी वर रोवायची, मग उजवा पाय, मग डाव्याला ओढून शेजारी आणायचं. दर पावलाला दोनदा चढल्यासारखं. घाईची सोयच नाही. दादा पहिल्या टप्प्यावर माझ्या पुढं गेला, एका दगडावर बसून राहिला, मी पोचले की उठून पुन्हा पुढं. "जमतंय ना? बॅग दे थोडा वेळ." "नको." "अगं, वरपर्यंत तरी." "दादा, ठरलंय आपलं."

माझे खांदे भरून आले होते. पाठीचा घाम बॅगेत झिरपत होता. पण जिन्यांवर जो श्वास मला सापडला होता, तो इथंही सापडला, आणि एकदा तो लागल्यावर मी वर बघणं सोडून दिलं. पुढचा दगड, त्याच्या पुढचा दगड, एवढंच.

अर्ध्याहून थोडं वर एक शेंदूर फासलेला दगड आहे, वाटेवरचा देव. तिथं पोचले तर दादा जमिनीवर बसलेला, दोन्ही बूट काढून. आदल्या संध्याकाळी दादरहून नवेकोरे बूट घेतले होते त्यानं, आणि तेच घालून आला होता. दोन्ही टाचांची सालं निघाली होती, मोजे लाल झाले होते. चेहरा घामानं डबडबलेला.

"तू पुढं हो, बाय," तो म्हणाला. "मी येतो सावकाश. नाहीतर परतच जातो खाली."

मी बॅग उतरवली. टाचा पाण्यानं धुतल्या, पट्ट्या लावल्या. रबरी चपला होत्या त्याच्याकडे, त्या घालून चालता आलं असतं, पण ते ओझं घेऊन नाही. सपाता सटकल्या असत्या आणि तोच खाली गेला असता. मी त्याच्या बॅगेची चेन उघडली आणि तंबू बाहेर काढला.

"काय करतेस?"

"हा माझ्या बॅगेला बांधते. तांदूळही दे."

"अजिबात नाही! लोक काय म्हणतील?"

"कुठं आहेत लोक?"

त्यानं खरंच आजूबाजूला पाहिलं. एक सरडा होता.

"दादा," मी म्हटलं, "शाळेतून आल्यावर चाळीचे तीन मजले तू मला पाठीवर घेऊन चढायचास. स्वतःचं दप्तर पुढं, मी मागं. मी एकदा तरी नको म्हटलं का तुला?"

त्यानं नाक पुसलं. मग त्यानंच तंबू उचलला, माझ्या बॅगेच्या वर ठेवला आणि मंडपवाल्याची गाठ मारली, जी सुटत नाही. तांदळाची पिशवीही दिली. नारळ हातात घेऊन म्हणाला, "हा देवाला देऊया. वजनही कमी होईल." शेजारच्या दगडावर त्यानं तो फोडला. अर्धा देवापुढं ठेवला, अर्धा आम्ही तिथंच उभ्या उभ्या खाल्ला. इतकं गोड खोबरं मी पुन्हा खाल्लं नाही.

तिथून पुढं मी पहिली आणि दादा मागं.

माथ्यावर वारा होता. वाट एका खडकाला वळसा घालून गेली आणि समोर समुद्र आला. असा एकदम, सगळाच्या सगळा. खाली दोन डोंगरांच्या बेचक्यात वाळूची छोटी चंद्रकोर, तिच्या कडेला सुरूची झाडं, आणि झाडांतून वर येणारा बारीक धूर. फोटोत असतं त्याहून सगळं मोठं होतं, आणि त्याला आवाज होता. मी तिथं किती वेळ उभी राहिले माहीत नाही. रडले वगैरे नाही. मोठ्यानं हसले, एकटीच, काठी वर करून. मागून दादा आला, त्यानं पाहिलं आणि शिट्टी मारली. मिरवणुकीत मारतात तशी, दोन बोटं तोंडात घालून. डोंगरानं ती परत पाठवली.

उतार मला चढापेक्षा अवघड. तिथं डावा पाय आधी टाकावा लागतो आणि त्याच्यावर विश्वास ठेवावा लागतो. मातीचा एक भुसभुशीत पट्टा आला, तिथं मी विश्वास-बिश्वास सोडून बसकण मारली आणि घसरत उतरले. ट्रॅकपँटला मागून भोक पडलं. दादा सपाता हातात घेऊन माझ्यासारखाच आला. खाली पोचलो तेव्हा दोघांचीही बूड तांबडी.

सुरूच्या बनात एक झोपडी, विहीर, माडाच्या झापांनी आडोसा केलेलं न्हाणीघर, चूल मांडायला दगड. एवढीच ती जागा. मोबाईलला रेंज नाही. स्पीकर लावायचा नाही, असा तिथला एकच नियम. जागा सांभाळणाऱ्या बाई अंगण सारवून उठत होत्या. त्यांनी आमच्याकडे पाहिलं.

"डोंगरावरून आलात?"

"हो," मी म्हटलं. सांगताना छाती फुगली होती.

"दुसरी वाट आहेच कुठं," त्या म्हणाल्या. "बूट तिकडं काढा. सारवण ओलं आहे."

बस, एवढंच. शाबासकी नाही, चुकचुक नाही. जो कुणी येतो तो डोंगर ओलांडूनच येतो आणि मीही तशीच आले होते. मला ते कुठल्याही कौतुकापेक्षा मोठं वाटलं.

दोन्ही तंबू मी लावले. दादानं चूल पेटवली आणि भात, बोंबलाचं कालवण असं काही झकास केलं की शेजारच्या तंबूतलं एक तरुण जोडपं वासावर आलं. दादरची निघाली. त्यांना वाढलं. मुलगी म्हणाली, "काकू, आम्ही तर वरच्या त्या खडकापाशी परत फिरणार होतो. मागून तुमच्या काठीचा आवाज यायला लागला. तेव्हा मी याला म्हटलं, चल." मी भात वाढत होते, तशीच वाढत राहिले, पण हात जरा सैल झाला आणि तिच्या ताटात डोंगरच पडला.

सकाळी ओहोटी होती. दादा टाचांना तेल चोळत बसला होता. मी बूट काढून ठेवले आणि काठी घेऊन पाण्याकडे निघाले. मुंबईत जन्म जाऊनही मी समुद्रात घोट्याच्या वर कधी गेले नव्हते. चौपाटीवर गर्दीत पायजमा वर करायचा म्हणजे सगळ्यांनी बघायचं. इथं कुणी नव्हतं, आणि असतं तरी त्या दिवशी माझी हरकत नव्हती. पाणी गार होतं. गुडघा, मांडी, कंबर. कमरेच्या वर गेल्यावर पायांचं वजन गेलं. डावा पाय आपोआप वर आला, उजव्याच्या बरोबरीनं. काठी हातातून सुटून तरंगायला लागली आणि मी तिला तरंगू दिलं.

"बास झालं! फार आत नको जाऊ!" दादा काठावरून ओरडला.

मी आणखी एक लाट घेतली. मग आणखी एक. शेवटी तोच धोतरासारखी चादर गुंडाळून आत आला, खाऱ्या पाण्यानं टाचा झोंबल्या म्हणून शिव्या देत, आणि आम्ही दोघं तिथं लहान पोरांसारखं एकमेकांवर पाणी उडवत राहिलो.

रविवारी आलो तसेच परत गेलो, मी पुढं आणि दादा मागं. दुकानातल्या बाईंनी आम्हाला कोकम सरबत दिलं आणि आत ओरडून कुणाला तरी सांगितलं, "आल्या गं त्या!" घरी आईनं दार उघडलं, मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, पाय मोजून दोन आहेत याची खात्री केली आणि विचारलं, "जेवलंस?" मी पँटचं भोक दाखवलं तेव्हा ती हसायला लागली. हसता हसता खुर्चीत बसली आणि मला जवळ ओढून घेतलं.

दादाच्या टाचा बऱ्या व्हायला दिवस लागले. मला वाटलं होतं तंबूची गोष्ट तो कुणाला सांगणार नाही, मीही सांगणार नव्हते. पण परळच्या नाक्यावर, मंडळाच्या ऑफिसात, लग्नाच्या मंडपात, जिथं चार माणसं भेटतील तिथं तो स्वतःच सुरू होतो. "अरे, आमच्या बायनं माझा तंबू उचलला! माझा! मी मागून रांगतोय आणि ही पुढं!" परवा एका बारशात मी जिलब्यांच्या टेबलाशी उभी होते आणि पलीकडे तो कुणाला तरी सांगत होता. त्याच्या तोंडी तो डोंगर दर वेळी थोडा उंच होतो, आणि वाटेत आता एक कोल्हाही आला आहे. मी ऐकून घेते. दुरुस्त करत नाही.